झटपट श्रीमंतीचा जमाखर्च

आजचा तरुण आळशी झाला आहे, त्याला कष्ट नकोत, नुसता पैसा आणि मान हवा, अशी तक्रार स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून दरवर्षी ऐकू येते. वडीलधाऱ्यांचा मान राखूनही मला ती पटत नाही. झटपट श्रीमंतीच्या मागे लागलेले माझ्या माहितीतले तरुण मुळीच आळशी नाहीत. कोणी सकाळी सव्वानऊला मोबाइलवर शेअर बाजाराचे आलेख उघडून बसतो, तो साडेतीनपर्यंत जेवायलाही उठत नाही. कोणी रात्री उशिरापर्यंत नातेवाइकांना फोन करून एखादी 'योजना' समजावत असतो. पदवी हाती आल्यावर नोकरी मिळेलच याची खात्री नाही, आणि लग्नकार्यात भेटणारा प्रत्येक पाहुणा पहिला प्रश्न पगाराचाच विचारतो. अशा वेळी चार लोकांत मिरवता येईल असे काही लवकर हाती लागावे असे वाटले, तर त्यात नवल ते काय? कष्टांची तयारी आहेच. ते कष्ट कुठे जिरतात, हे पाहायला हवे.

विद्यार्थी मित्रहो, पुस्तपालनाच्या पहिल्याच तासाला आपण शिकतो की एका खात्यावर रक्कम जमा झाली की दुसऱ्या कोणत्या तरी खात्यावर ती नावे पडलीच पाहिजे. हा नियम केवळ परीक्षेपुरता नाही. कोणी 'सहा महिन्यांत पैसे दुप्पट' म्हणाला, की त्याला एवढेच विचारावे : माझ्याकडे जमा होणारी ही रक्कम कोणाच्या नावे पडणार?

दोन वर्षांपूर्वी माझा मावसभाऊ मला बेळगावातल्या एका लॉजच्या सभागृहात अशाच एका योजनेच्या सभेला घेऊन गेला. टाय बांधलेले एक गृहस्थ अस्खलित मराठीत आणि तितक्याच अस्खलित कानडीत बोलत होते. 'कै केसरादरे बायि मोसरु', म्हणजे हात चिखलाने माखले तर तोंडी दही, ही आपल्या भागातली म्हण त्यांनी दोनदा ऐकवली. मेहनत करा, सहा माणसे आणा, त्या सहांना प्रत्येकी सहा आणायला लावा, की वर्षभरात गाडी दारात! भाऊ टाळ्या वाजवत होता. मी मात्र वहीच्या मागच्या पानावर सहाचे घात मांडत बसले. (ही खोड शाळेपासूनची.)

पहिल्या पायरीला ६ माणसे, दुसरीला ३६, तिसरीला २१६. पाचवीला ७,७७६ होतात, तोवर सारे शक्य वाटते. दहाव्या पायरीला मात्र ६,०४,६६,१७६ माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेत साऱ्या कर्नाटकाची लोकसंख्या सुमारे सहा कोटी अकरा लाख होती. म्हणजे तान्ही मुले धरून जवळजवळ सगळे राज्य या एका पायरीवर उभे करावे लागेल. तेराव्या पायरीला १,३०६ कोटी लागतात. एवढी माणसे पृथ्वीवरच नाहीत. तेव्हा साखळी कुठेतरी तुटणारच. आणि ती कोणत्याही पायरीवर तुटली, तरी एकूण सभासदांपैकी सहांतले सुमारे पाच जण शेवटच्या पायरीवर असतात. त्यांच्या खाली कोणीच नसते. वरच्यांकडे जमा झालेली रक्कम यांच्याच नावे पडलेली असते. सगळ्यांनी अगदी रक्ताचे पाणी केले तरी हे प्रमाण बदलत नाही.

भावाने भरलेले पैसे मावशीने शिलाईकामातून साठवलेले होते. त्याने तीन माणसे आणली, त्यांतले दोघे त्याचे जिवलग मित्र. ते आता त्याच्याशी बोलत नाहीत. साबणाची खोकी पलंगाखाली पडून आहेत. मला सर्वांत अधिक लागले ते त्याचे वाक्य : "माझीच मेहनत कमी पडली गं." पैसे तर गेलेच, वर दोष आपलाच ही समजूतही त्याला त्या पैशांतच विकली गेली.

जाता जाता सांगायचे, तर केवळ नवे सभासद आणण्यावर पैसे देणाऱ्या योजनांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे; आणि त्या चालवण्याबरोबरच त्यांचा सभासद होण्यासही मनाई आहे. आपल्या आयाबायांची भिशी निराळी. तिथे वीस जणींचे पैसे वीस जणींतच फिरतात आणि दुपटीचे वचन कोणी देत नाही.

शेअर बाजाराची गोष्ट थोडी वेगळी. चांगल्या कंपनीचा शेअर घेऊन वर्षानुवर्षे ठेवणे ही एक प्रकारची भागीदारीच होय. कंपनी कमावते, त्यातला वाटा आपल्याला मिळतो. आपल्या मित्रांना ओढ असते ती ऑप्शनची, जिथे निकाल चार दिवसांत लागतो. तिथे एकाची जमा ती दुसऱ्याचीच नावे, आणि दलाली दोघांकडूनही कापली जाते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनचे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. त्यांचा सरासरी तोटा सुमारे दोन लाख रुपये. खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक नफा मिळवणारे अवघे एक टक्का. आणि या व्यवहारांत तीस वर्षांखालील तरुणांचे प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेले! समोर बसलेल्या मोठ्या संस्थांकडे संगणकावर आपोआप चालणारी यंत्रणा असते. आपल्याकडे वसतिगृहाचे वाय-फाय.

आता आपल्याच गावातला एक जुना जमाखर्च पाहू. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) हे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८८ मध्ये भावाच्या साथीने बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू झाला. पुढे मुंबईची शिक्षकाची नोकरी सोडून लक्ष्मणराव इथे आले आणि कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर करू लागले. लोखंडाने जमिनीत विष पसरते, असा शेतकऱ्यांचा समज. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. मला त्या दोन वर्षांचे फार कुतूहल वाटते. तेव्हाही पाहुण्यांनी 'सध्या काय चालू आहे?' असे विचारले असेलच! त्यानंतर बेळगावातली जागाही सोडावी लागली, आणि औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या माळरानावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. सायकलींपासून तिथवर बावीस वर्षे. या वहीतही शेतकऱ्याच्या नावे रक्कम पडलीच आहे. पण त्याच्या दारात नांगर उभा आहे आणि शेत खोलवर नांगरले गेले आहे.

मेहनत केली की यश मिळतेच, असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर माझ्यात आणि त्या टायवाल्या गृहस्थांत फरक तो काय? कारखाने काढून बुडालेली माणसेही आपल्या उद्यमबागेत भेटतात. मात्र त्यांच्या हाती कसब उरलेले असते, आणि दुसऱ्या कारखान्यात त्याला किंमत येते.

आमच्या वाणिज्य मंडळाला एक सूचना कराविशी वाटते. यापुढे महाविद्यालयात कोणी एखाद्या योजनेचा कागद घेऊन आला, तर त्याला घालवून देऊ नये. तो कागद मधल्या सुट्टीत फळ्यावर मांडावा, जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंनी. आणणाऱ्यालाही बसवून घ्यावे, चहा द्यावा. सहाचा दहावा घात काढायला खडूचा एक तुकडा आणि पाच मिनिटे पुरतात.