ही ओळ कोण बोलतंय?

बाळा, हस्ताक्षरासारखा फॉन्ट लावण्याआधी एकच विचारायचं : ही ओळ कोण बोलतंय? उत्तर आलं तरच लाव. लग्नपत्रिकेत अगदी खाली ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ असतं ना, तिथे ‘कलम’ हा फॉन्ट शोभतो, कारण ते घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांचं आमंत्रण आहे. मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, फोन नंबर हे मात्र सरळ उभ्या फॉन्टात. म्हाताऱ्या माणसांना तेवढंच वाचायचं असतं. लोणच्याच्या बरणीची चिठ्ठी, मुलांच्या चित्रकथेतले संवाद, पाककृतीशेजारची ‘गूळ जरा जास्तच घाला’ अशी सूचना, इथे खुशाल वापर. औषधाच्या मात्रेला कधीच नाही.

‘कलम’ इंडियन टाइप फाउंड्रीने 2014 मध्ये आणला. बॉलपेनने नाहीतर स्केचपेनने भरभर लिहावं तशी त्याची अक्षरं मुळातच झुकलेली आहेत, तेव्हा वरून इटॅलिक करू नकोस, ती पडायला येतात. ठळक हवं तर त्याचाच बोल्ड घे. लाइट, रेग्युलर, बोल्ड अशी तीन वजनं आहेत. सॉफ्टवेअरकडून रेघ जाड करून घेतलीस की ‘क्ष’ आणि ‘ष’ची पोटं बुजतात.

माणसाच्या हातून दोन ‘म’ कधी सारखे उतरत नाहीत. फॉन्टात ‘मामा’मधले दोन्ही ‘म’ तंतोतंत एक. तीन-चार ओळींत ते खपून जातं, पानभर लावलंस की डोळ्याला खोटं वाटू लागतं. मोठ्या शीर्षकात तर अशी जोडी लगेच दिसते. तिथे खरंच कुणाकडून तरी लिहून घे आणि स्कॅन कर. कमल शेडगे नाटकांची नावं हातानेच रेखाटायचे. त्या अक्षरांवरूनच नाटकाचा बाज कळायचा. ते काम बघून ठेव, जमेल तेवढं गोळा कर.

नवा फॉन्ट आला की आधी ‘दऱ्याखोऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘ॲप’ लिहून बघ. ऱ्य तुटला किंवा ॲच्या जागी चौकोन उमटला, तर तो कितीही देखणा असो, मराठीच्या कामाचा नाही. पाकळीचा ल आणि देठाचा श मिळतो का, तेही तपास. अक्षरांमधली जागा वाढवू नकोस, शिरोरेघ तुटते. ओळींमध्ये मात्र हात सैल ठेव. वरचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकता कामा नयेत.

प्रूफ पडद्यावर मोठं करून वाचू नकोस. पत्रिकेच्या खऱ्या मापात छापून, हातभर अंतरावर धरून वाच. छापखान्यात फाइल देताना कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून दे, पण त्याआधीची प्रत जपून ठेव. घरची मंडळी आदल्या रात्री एखादं नाव वाढवायला येतातच, आणि कर्व्ह केलेल्या फाइलीत साधी वेलांटीसुद्धा टाइप करून बदलता येत नाही.