तेलगावहून इमॅजिका : एक दिवस की दोन?

प्रश्न : दुसरी आणि सातवीत शिकणाऱ्या मुलांसह तेलगावहून खोपोलीजवळील इमॅजिका हे मनोरंजन उद्यान एका दिवसात पाहून परतणे शक्य आहे काय?

उत्तर : बीड-परळी रस्त्यावरील तेलगावापासून हे उद्यान साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास असल्याने, एकाच दिवसात जाऊन-येऊन मुलांच्या वाट्याला खेळांपेक्षा प्रवासच अधिक येतो, म्हणून आदल्या रात्री पुण्यात किंवा खोपोलीत मुक्काम करून सकाळी दार उघडताच प्रवेश घेणे हेच योग्य ठरते.

खेळ निवडताना वयापेक्षा उंची निर्णायक असते, कारण बसणाऱ्याला आसनात रोखून धरणारा सुरक्षा-दांडा ठरावीक बांध्यासाठीच घडवलेला असतो, आणि लहानग्याची उंची कमी भरल्यास कोणतीही विनवणी उपयोगी पडत नाही, पडूही नये. त्यामुळे घरीच उंची मोजून, संकेतस्थळावरील अटींशी ताडून, धाकट्याला काय मिळणार नाही हे त्याला आधीच सांगावे, म्हणजे ऐनवेळी हिरमोड होत नाही. थोरल्यासोबत एका पालकाने रोलर कोस्टरवर, म्हणजे वेगाने चढउतार करणाऱ्या रुळांवरील गाडीत, बसावे आणि दुसऱ्याने धाकट्याला सांभाळावे.

इमॅजिकाच्या जलोद्यानाचे तिकीट वेगळे असते. दोन्ही उद्याने एका दिवसात उरकण्याचा मोह टाळावा.