एसीस जनरेटरची जोड : हिशेब आणि सावधगिरी

वैशाखात वळवाच्या वाऱ्याने झाड तारेवर पडले, म्हणजे गावठाणापासून दूर मळ्यात राहणाऱ्या कुटुंबास एक-दोन रात्री विजेवाचून काढाव्या लागतात, हे कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकरी बंधूंस सांगावयास नको. घरात वृद्ध अथवा आजारी माणूस असले, तर एसी बंद पडणे ही केवळ गैरसोय राहत नाही. यास्तव उचलून नेता येण्याजोगा लहान जनरेटर घेण्याकडे पुष्कळांचा कल होतो. परंतु ‘दीड टनाच्या एसीस केवढा जनरेटर लागेल?’ एवढेच विचारून जो व्यवहार होतो, त्यात पैसा अधिक जातो व कित्येकदा जिवावर बेतते. म्हणून ह्या विषयाचा हिशेब येथे मांडीत आहोत.

टन म्हणजे काय ?

एसीवरील ‘टन’ हे वजन नव्हे आणि विजेचे मापही नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढण्याची शक्ती म्हणजे एक टन. ती सुमारे ३.५ किलोवॅट भरते. ह्या कामास वीज मात्र त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकीच लागते, कारण यंत्र थंडी निर्माण करीत नाही, आतील उष्णता उपसून बाहेर टाकते. विहिरीवरील पंप पाणी उत्पन्न करीत नाही, वर आणतो, तसेच हे आहे. तेव्हा जनरेटर निवडताना टन न पाहता पाटीवरील वॅट पाहावे.

सुरू होतानाचा भार

जुन्या पद्धतीच्या एसीचा काँप्रेसर एकदम पूर्ण वेगाने सुरू होतो आणि त्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढतो. गुऱ्हाळावर चरकात उसाची मोठी मोळी एकदम घातली, तर इंजिन दबते, हे आपण जाणतो. लहान जनरेटरचे तसेच होते. म्हणून दीड टनाचा जुना एसी चालताना सतराशे वॅटच घेत असला, तरी त्यास चार-पाच केव्हीएचा जनरेटर लागतो.

इन्व्हर्टर एसीचा काँप्रेसर हळूहळू वेग घेतो आणि खोली गार झाली की मंद चालतो. ऊस बेताबेताने घालावा तसा. पाच तारांकित एक टनाचा असा एसी प्रारंभी हजार-बाराशे वॅट घेतो, पुढे सरासरी पाच-सहाशेंवर येतो. ह्यावरून ध्यानात येईल की, जनरेटरवरील खर्च वाचवावयाचा असेल, तर तो एसीच्या निवडीतच वाचतो.

जनरेटर केवढा घ्यावा ?

पाटीवर केव्हीए लिहिलेले असतात. किलोवॅट निराळे दिले नसल्यास केव्हीएस ०.८ ने गुणावे. आणि त्याच्याही पाऊणपटीहून अधिक भार सतत देऊ नये. शिवाय कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. विरळ हवेमुळे साध्या इंजिनाची शक्ती शेकडा पाचच्या आसपास घटते, व उन्हाने आणखी थोडी. हे सर्व धरता एक टनाच्या इन्व्हर्टर एसीस, एक पंखा व दोन दिव्यांसह, अडीच ते तीन केव्हीएचा जनरेटर योग्य होय. एसीत नाजूक विद्युत्-पट्टी असल्याने व्होल्टेज स्थिर राखणारा, शक्य तर इन्व्हर्टर जातीचाच, जनरेटर घ्यावा. इंजिन दोन-तीन मिनिटे मोकळे चालवून मगच भार द्यावा. बंद करताना आधी भार काढावा.

तेलाचा खर्च

आठ तासांच्या रात्रीस एसी व पंखा मिळून सुमारे सव्वापाच युनिट वीज लागते. एवढ्यासाठी लहान जनरेटर साडेतीन ते चार लिटर पेट्रोल जाळतो. लिटरास १०० रुपये धरले, तर रात्रीचा खर्च साडेतीनशे ते चारशे रुपये होतो. युनिटास १० रुपये धरल्यास तीच वीज तारेवरून पन्नास-पंचावन्न रुपयांत मिळते. अर्थात जनरेटर ही नित्याची सोय नव्हे, अडीनडीची आहे.

हा खर्च खोली नीट केल्याने कमी होतो. स्लॅबवर चुन्याची सफेदी द्यावी, पत्र्याखाली छत घालावे, दाराखालची फट बुजवावी, पश्चिमेच्या खिडकीस बाहेरून आडोसा करावा. तारांकित एसी २०२० सालापासून २४ अंशांवर लावूनच विकले जातात; ते २६-२७ वर ठेवून पंखा चालवावा. एका अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते.

जिवाचे दोन धोके

पहिला धोका धुराचा. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो आणि झोपलेला माणूस जागा न होताच दगावतो. पडवीत, जिन्याखाली, गोठ्यात किंवा खिडकीजवळ जनरेटर कदापि ठेवू नये. पाऊस आहे, चोरीची भीती आहे, ह्या सबबी येथे चालत नाहीत. तो घरापासून निदान वीस फूट दूर, मोकळ्यावर, धुराचे तोंड घराकडे न करता ठेवावा. पावसासाठी चहूकडून उघडे असे छप्पर करावे. डोके दुखू लागले, मळमळले, भोवळ आली, तर सर्वांनी तत्काळ उघड्यावर येऊन १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा.

दुसरा धोका आपल्या घराबाहेरच्या माणसास असतो. कित्येकजण जनरेटरची तार भिंतीतील प्लगमध्ये खुपसून सारे घर उजळतात. ही वीज मीटरमधून उलट डीपीकडे जाते आणि तेथे तिचे ११,००० व्होल्ट होऊ शकतात. तुटलेली तार जोडणारा वायरमन, तारेत वीज नाही अशा समजुतीने खांबावर चढलेला असतो. आपल्या एका रात्रीच्या गारव्यासाठी त्याचा प्राण जाऊ शकतो. म्हणून परवानाधारक माणसाकडून चेंजओव्हर स्विच बसवूनच जोड द्यावी. तो नसल्यास एसीची तार थेट जनरेटरलाच जोडावी.

महापुराच्या दिवसांत

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली. गावेच्या गावे अंधारात होती, आणि पुणे-बेंगळूर महामार्ग पाण्याखाली गेल्याने बाहेरून तेल येणेही थांबले होते. अशा वेळी घरातील चार लिटर पेट्रोल एसीवर जाळणे शहाणपणाचे नव्हे. पिण्याचे पाणी चढविणे, रुग्णाचे औषध थंड राखणे व फोन चार्ज करणे, ही कामे आधी. एसी सर्वांत शेवटी. नव्या पद्धतीचा पंखा तीस-पस्तीस वॅटांवर चालतो, व बॅटरीवर रात्र निभावून नेतो.

तात्पर्य, आधी खोली नीट करावी, मग एसी पाहून घ्यावा, आणि शेवटी त्यास पुरेल तेवढाच जनरेटर आणावा. हा क्रम उलटा झाला, तर मोठे इंजिन व मोठा खर्च दारात येतो. आमच्या वाचकांनी आपला जनरेटर आजच कोठे ठेवला आहे व कसा जोडला आहे, हे एकदा तपासावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.