सायलेन्सर, कान आणि कायदा : वाहनमालक व कुटुंबीयांसाठी आरोग्यविषयक माहिती

मोटारीच्या इंजिनात इंधन जळते आणि तप्त वायू मोठ्या दाबाने बाहेर पडू पाहतात. त्यांना वाट सरळ मोकळी मिळाली, तर प्रत्येक स्फोटाचा तडाखा रस्त्यावर ऐकू येईल. सायलेन्सरच्या डब्यात म्हणूनच कप्पे असतात, छिद्रांच्या नळ्या असतात, काहींत ध्वनी शोषणारे तंतुमय अस्तरही असते. ध्वनिलहरी त्यांत आपटून परततात आणि परस्परांना क्षीण करतात. हा डबा काढून सरळ नळी बसवणे, आतील जाळी उपसून टाकणे, किंवा बटण दाबताच वायूला आडवाट देणारे कट-आउट जोडणे याला बाजारात ‘मॉडिफिकेशन’ असे भारदस्त नाव आहे. प्रत्यक्षात लोकांच्या कानांसाठी बसवलेले आवरण त्यामुळे दूर होते.

हानी कोणाला आणि कशी होते?

आपल्या दोन्ही अंतःकर्णांत प्रत्येकी सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. ध्वनीचे कंपन त्या मेंदूला कळेल अशा संदेशात बदलतात. तीव्र आवाजाने त्या थकतात, वारंवार थकल्या की मरतात आणि मनुष्यात त्या पुन्हा उगवत नाहीत. औषधाने वा शस्त्रक्रियेने त्या परत आणता येत नाहीत.

डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. दहा वाढले की दहापट. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित श्रवणाच्या मर्यादेनुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास सोसवतो. ९२ डेसिबलला ही मुदत अडीच तासांवर येते, ९५ला सव्वा तासावर. मुदत दिवसाची नसून संपूर्ण आठवड्याची आहे.

रस्त्याने एकदाच गेलेल्या गाडीमुळे घरात बसलेल्या माणसाला बहिरेपण येते, असे समजण्याचे कारण नाही. श्रवणशक्तीचा खरा धोका आवाजाच्या निकट तासन्‌तास असणाऱ्यांना आहे : स्वतः चालक, गॅरेजमधील कारागीर, चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस, पदपथावरील विक्रेता. ज्याने हौसेने सायलेन्सर बदलून घेतला, त्याचेच कान या यादीत पहिले येतात.

घरात असलेल्यांची हानी निराळी असते, आणि ती लक्षात येत नाही. रात्री दीड वाजता खिडकीखालून कर्कश गाडी गेली, तर झोपलेला माणूस जागा होईलच असे नाही. तरीही त्याच्या हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब क्षणभर चढतो, ताणाची संप्रेरके रक्तात उतरतात. शरीर त्या आवाजाला संकट समजते. असे रात्रीमागून रात्री घडत राहिले, तर उच्च रक्तदाब व हृदयविकार यांची शक्यता वाढते, असे वाहतुकीच्या आवाजावरील संशोधन सांगते. नुकतेच जन्मलेले मूल, शस्त्रक्रियेनंतर विश्रांती घेणारा रुग्ण आणि पहाटे कामावर जाणारा मजूर यांना मोडलेली झोप दिवसा भरून काढता येत नाही. आपल्या घरात हृदयविकाराचा रुग्ण असेल, तर रस्त्याकडील खोलीऐवजी त्यास आतील खोलीत झोपवावे.

कायदा काय म्हणतो?

राज्य कोणतेही असो, मूळ कायदा एकच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार प्रत्येक मोटार वाहनास सायलेन्सर असलाच पाहिजे आणि वाहन ध्वनिमानकांत बसेल अशा रीतीने राखले पाहिजे. चालकासह नऊपर्यंत आसने असलेल्या प्रवासी मोटारीसाठी उत्पादनाच्या वेळची मर्यादा ७४ डेसिबल आहे. दुचाकीसाठी इंजिनाच्या क्षमतेनुसार ७५ ते ८०. ही मोजणी धावत्या वाहनापासून ७.५ मीटर अंतरावर केली जाते. ‘राखले पाहिजे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गंजून भोक पडलेला जुना सायलेन्सर कोणी हौसेने बसवलेला नसतो, परंतु त्याची दुरुस्ती टाळणेही नियमात बसत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ या प्रश्नाकडे तीन बाजूंनी पाहतो. पहिली बाजू बदलाची. कलम ५२ अन्वये निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. मालकाने अनुज्ञेय नसलेला बदल केल्यास कलम १८२-क नुसार प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही होऊ शकतात. दुसरी बाजू वापराची. कलम १९०(२) अन्वये ध्वनिमानकांचा भंग करणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवणाऱ्यास, तसेच ते चालवू देणाऱ्यासही, पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, आणि तीन महिने परवान्यास अपात्रता अशी तरतूद आहे. तिसरी बाजू कट-आउटची : कलम १९४-च नुसार प्रथम १,००० रुपये आणि पुढील प्रत्येक वेळी २,००० रुपये दंड. ‘वस्तीत मी ते बंद ठेवतो’ असे उत्तर अनेकदा दिले जाते. परंतु वस्तीबाहेर त्याचा वापर करण्याची सवलत या कलमात दिलेली नाही. तडजोडीने मिटणाऱ्या प्रकरणांतील रक्कम राज्य शासन ठरवते, त्यामुळे प्रत्यक्ष चलनाचा आकडा राज्याराज्यांत वेगळा दिसू शकतो.

‘चालवू देणारा’ हे शब्द पालकांनी पुन्हा वाचावेत. गाडी वडिलांच्या नावावर आणि सायलेन्सर मुलाच्या आवडीचा, ही स्थिती पुष्कळ घरांत असते.

दोन गैरसमज मात्र फार खोल रुजले आहेत. दुकानात उघडपणे विकला जाणारा भाग रस्त्यावरही चालतो, हा त्यांतील पहिला. विक्री होत असल्याने वापर वैध ठरत नाही. अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडले, ते असेच दुकानांतून विकत घेतलेले होते. दुसरा गैरसमज पीयूसी प्रमाणपत्राचा. त्या तपासणीत धूर व वायू मोजतात, आवाज मोजत नाहीत. प्रमाणपत्र हाती असले म्हणून आवाजाला मान्यता मिळाली असे होत नाही.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात परिसराची ध्वनिमर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. शांतता क्षेत्रात ५० व ४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. हे आकडे ठरावीक काळाच्या सरासरीचे असल्याने एका गाडीच्या क्षणिक आवाजाशी त्यांची थेट तुलना करू नये. जुलै २००५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने आवाजापासून मुक्त राहणे हा जीविताच्या मूलभूत अधिकाराचा भाग मानला आहे.

मोटारीच्या आतील धोका

हौशी कारागिराने जोडलेल्या नळीचा सांधा फटीचा राहिला, तर कार्बन मोनॉक्साइड मोटारीच्या आत शिरू शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही. प्रवासात सर्वांचेच डोके दुखू लागले, मळमळ वा गुंगी आली, तर काचा उघडाव्यात, गाडी थांबवून इंजिन बंद करावे, मोकळ्या हवेत यावे आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. मूळ नळीसोबत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढून टाकलेला असेल, तर विषारी वायूचे प्रमाण आणखी वाढते.

आपण काय करावे?

बदललेला सायलेन्सर असल्यास निर्मात्याने ठरवलेला भाग अधिकृत सेवा केंद्रातून बसवून घ्यावा व त्याची पावती जपून ठेवावी. खराब झालेल्या भागाच्या जागी तसाच मूळ भाग बसवणे हा ‘बदल’ नव्हे, त्याची भीती बाळगू नये. जुनी गाडी विकत घेताना ती सुरू करून, किंचित वेग देऊन ऐकावी आणि खाली वाकून नळी पाहावी.

रात्री त्रास देणाऱ्या वाहनाचा क्रमांक, ठिकाण व वेळ टिपून वाहतूक पोलीस अथवा परिवहन कार्यालयास कळवावे. तातडीच्या प्रसंगी ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावा. चालकाचा पाठलाग करू नये, रस्त्यात वाद घालू नये.

कानात सतत शिट्टी वा गुणगुण ऐकू येणे, गोंगाटात समोरच्याचे बोलणे न समजणे, दूरचित्रवाणीचा आवाज घरातील इतरांपेक्षा वाढवावा लागणे, ही तपासणी करून घेण्याची लक्षणे आहेत. राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमाची माहिती जवळच्या शासकीय आरोग्य केंद्रात विचारावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाल्यास एक-दोन दिवसांतच कान-नाक-घसा तज्ज्ञास दाखवावे. विलंबाने उपचाराचा गुण कमी होतो. अशा वेळी कानात तेल अथवा कोणाच्या सांगण्यावरून औषधाचे थेंब घालू नयेत, काडीही घालू नये.