विटेनबर्गची वेदी : ल्यूथरपंथी उपासनागृहातील काही प्रतीके

कोणत्याही धर्माच्या उपासनागृहाची रचना केवळ सोयीसाठी केलेली नसते. कोणी कोठवर जावे, कोणी कशाला हात लावावा, कोणाला काय दिसावे आणि काय दिसू नये, याविषयीची त्या धर्माची मते त्या रचनेत दगडाविटांनी लिहून ठेवलेली असतात. युरोपातील धर्मसुधारणेचे प्रकरण अभ्यासताना १५१७ हे साल, ल्यूथरची पंच्याण्णव प्रमेये आणि पोपशी झालेला वाद एवढे आपण सारेच पाठ करतो. परंतु तो वाद रविवारमागून रविवार ज्या भिंतींच्या आत लोकांच्या डोळ्यांपुढे राहिला, त्या भिंतींकडे आपले सहसा लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात जर्मनीतील अशा दोन वास्तूंचा विचार करावयाचा आहे. एक विटेनबर्गचे सेंट मेरी हे नगरचर्च आणि दुसरी टोरगाउच्या हार्टेनफेल्स किल्ल्यातील उपासनामंदिर. दोन्ही मी पाहिली आहेत ती अर्थातच पुस्तकांतून आणि चित्रांतून.

मध्ययुगीन चर्चमध्ये वेदीची जागा ही साधारणपणे धर्मगुरूंची जागा असे. पुष्कळ ठिकाणी ती आडभिंतीने किंवा जाळीने वेगळी केलेली असे. उपासनेची भाषा लॅटिन. प्रभुभोजनातील भाकर सर्वांना मिळे, पण द्राक्षारसाचा पेला फक्त धर्मगुरूच्या ओठी लागे. आपल्याकडील गाभारा आणि सभामंडप यांतील अंतर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

मग ल्यूथरने हे सारे मोडून टाकले काय? येथे एक गंमत आहे. १५२१ च्या मे महिन्यापासून तो वार्टबुर्गच्या किल्ल्यात वेषांतर करून लपून राहिला होता. इकडे विटेनबर्गमध्ये त्याचाच सहकारी कार्लश्टाट याच्या शिकवणुकीने चर्चमधील चित्रे आणि मूर्ती काढून टाकण्याची चळवळ सुरू झाली. १५२२ च्या मार्चमध्ये ल्यूथर परत आला आणि त्याने याच नगरचर्चमध्ये ओळीने आठ प्रवचने देऊन लोकांना आवरले. चित्र ठेवलेच पाहिजे असे नाही आणि फोडलेच पाहिजे असेही नाही. माणसाचा भरवसा चित्रावर बसला तर दोष त्या भरवशाचा, असे त्याचे म्हणणे. त्यामुळे झ्यूरिकमध्ये १५२४ साली चर्चमधील चित्रे उतरली, तशी ती विटेनबर्गमध्ये उतरली नाहीत. हेरमान फिशर याने १४५७ मध्ये घडविलेले बाप्तिस्म्याचे धातूचे कुंडही तसेच राहिले. जुन्या वस्तू राहिल्या, त्यांचे काम मात्र बदलले.

हे बदललेले काम पाहावयाचे असेल तर नगरचर्चच्या वेदीपाशी जावे. लुकास क्रानाख याच्या चित्रशाळेत तयार झालेला हा चित्रफलक १५४७ साली, म्हणजे ल्यूथरच्या मृत्यूनंतर वर्षभराने, येथे बसविण्यात आला. मधल्या मोठ्या चित्रात येशूचे शेवटचे भोजन आहे. मेज गोल आहे. गोल मेजाला मानाची बाजू नसते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. येशू आपल्या हाताने यहूदाच्या, म्हणजे दगा देणाऱ्या शिष्याच्या, मुखात घास घालीत आहे. त्यालाही पंगतीतून उठविलेले नाही. शिष्यांमध्ये दाढी राखलेला एक मनुष्य पेल्याशी दिसतो. तो ल्यूथर, आणि तोही वार्टबुर्गच्या अज्ञातवासातील वेषातला. जो पेला शतकानुशतके सामान्य माणसाच्या ओठांपासून दूर होता, तो येथे गोल मेजावरून फिरतो आहे. विटेनबर्गच्या शिंप्याला अगर सुताराला ही भाषा कळण्यासाठी लॅटिन येण्याची आवश्यकता नव्हती.

डाव्या फळीवर बाप्तिस्मा आहे. तो देणारा फिलिप मेलांख्थॉन हा विद्यापीठातील ग्रीकचा प्राध्यापक. धर्मगुरूची दीक्षा त्याने कधीच घेतली नव्हती. (आमच्या प्राध्यापक मंडळींनी याची अवश्य नोंद घ्यावी.) उजव्या फळीवर नगराचा पाळक बुगेनहागेन हाती किल्ल्या घेऊन पापांगीकार ऐकतो. एकाला क्षमा मिळते, दुसऱ्याला परत जावे लागते.

पण या साऱ्याहून मला अधिक विचारात पाडले ते खालच्या लांबट पट्टीने. उजवीकडे ल्यूथर प्रवचन देत आहे. डावीकडे मंडळी : स्त्रिया व मुले बसलेली, पुरुष मागे उभे. मध्ये रिकामी जमीन, उघडी भिंत आणि त्या रिकामेपणात क्रूसावरचा ख्रिस्त. ल्यूथरचा एक हात उघड्या ग्रंथावर आहे आणि दुसऱ्या हाताचे बोट ख्रिस्ताकडे. ल्यूथरपंथी प्रतीकाचे सारे तत्त्व या बोटात आले आहे असे मी समजते. प्रतीकात देव राहावयास येत नाही. प्रतीक बोट दाखवून थांबते.

आमच्याकडे श्रावणात पोथी लागते. माझ्या आजीला अक्षरओळख नाही. तिची सारी भक्ती कानांवर चाललेली. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे या चित्रातील ऐकणाऱ्या बायका मला परक्या वाटत नाहीत. त्यांच्यातीलही अनेकींना वाचता येत नसावे. १५३४ मध्ये ल्यूथरचे संपूर्ण जर्मन बायबल छापून निघाले, ग्रंथ त्यांच्या बोलीत आला, हे खरे. तरीसुद्धा चित्रात तो आहे ल्यूथरच्या हाताखाली. ग्रंथ उघडणे आणि तो दुसऱ्याच्या हाती देणे, या दोन पायऱ्या आहेत. चित्रकाराने प्रामाणिकपणे पहिलीच दाखविली आहे.

विटेनबर्गचे चर्च जुनेच होते, तेथे ल्यूथरपंथीयांना आहे त्यात भागवावे लागले. नव्याने बांधावयाचे झाल्यास काय करावे याचे उत्तर टोरगाउला मिळते. नीकोलाउस ग्रोमान याने बांधलेल्या या मंदिराचा समर्पणविधी खुद्द ल्यूथरने ५ ऑक्टोबर १५४४ रोजी केला. तीर्थ शिंपडणे आणि धूप यांऐवजी त्याने प्रवचन आणि प्रार्थना यांनी तो विधी केला आणि त्यात सर्वांना सहभागी करून घेतले. ही वास्तू म्हणजे एक सरळ आयताकृती दालन. वेदीसाठी वेगळी खोली नाही, आडभिंत नाही. वेदी म्हणजे चार देवदूतांनी तोललेले एक मेज. प्रवचनपीठ लांब भिंतीच्या मध्यावर, म्हणजे आवाज सर्वांपर्यंत जावा. त्यावर कोरलेले प्रसंग तीन : बारा वर्षांचा येशू मंदिरात पंडितांशी बोलतो आहे, व्यभिचाराचा आरोप असलेल्या स्त्रीला तो वाचवितो आहे, आणि मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलून देतो आहे. शिक्षण, क्षमा आणि धर्माच्या बाजाराला विरोध. मात्र सभोवार सज्जे आहेत आणि राजघराण्याची जागा वरच आहे. आडभिंत गेली म्हणून उंची गेली नाही.

एक गोष्ट टाळली तर हा लेख खोटा ठरेल, आणि त्यासाठी पुन्हा विटेनबर्गला यावे लागते. त्याच नगरचर्चच्या बाहेरील भिंतीवर उंचावर, ल्यूथरच्याही सुमारे दोनशे वर्षे आधीचे, ज्यू लोकांची अत्यंत घाणेरडी विटंबना करणारे शिल्प आहे. ज्यूंना निषिद्ध असलेल्या डुकरिणीला ते पीत आहेत असे त्यात दाखविले आहे. ल्यूथरने ते काढविले नाही. उलट १५४३ च्या आपल्या ज्यूविरोधी पुस्तकात त्याचा उपयोग केला, आणि १५७० मध्ये त्या पुस्तकाच्या नावातील शब्द शिल्पावर कोरले गेले. १९८८ मध्ये खाली जमिनीवर स्मारकशिळा बसविण्यात आली. शिल्प काढावे यासाठी खटला झाला, पण ते काढणे बंधनकारक नाही असा निर्णय २०२२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने दिला. आत गोल मेज आणि बाहेर हा दगड! ज्यांचा अपमान दगडात कोरला आहे, त्यांना आतले बोट कोठे दाखवते आहे हे पाहण्यासाठी त्या दगडाखालूनच जावे लागेल. माझ्या मते तो दगड संग्रहालयात हलवावयास हवा होता. इतिहास पुसला जाईल ही भीती मला पटत नाही. संग्रहालय हे इतिहास ठेवण्याचेच ठिकाण आहे.

वेदीच्या मागील बाजूसही चित्रे आहेत, पण ती फारशी कोणी पाहत नाही. तिच्या खालच्या पट्टीवर पूर्वीच्या काळच्या विद्यार्थ्यांनी ओरखडे काढून ठेवले आहेत. परीक्षेत उत्तीर्ण झालेला तारलेल्या आत्म्यांच्या बाजूला आपली खूण करी आणि अनुत्तीर्ण झालेला नरकात पडणाऱ्यांच्या बाजूला, असे सांगतात.