सोंग कुठून आणायचं?

गॅदरिंगच्या नोटीसबोर्डवर 'कॉस्प्ले' हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा आमच्या अर्ध्या वर्गाला तो कुठल्या तरी सॉफ्टवेअरचं नाव वाटला होता! मग कळलं, की आवडत्या पात्राचा पोशाख स्वतः तयार करून, तो घालून, त्या पात्रासारखं वावरायचं. 'कॉस्च्युम' आणि 'प्ले' हे दोन शब्द जोडून १९८० च्या दशकात जपानमध्ये हा शब्द रूढ झाला. आपल्याकडे २०११ मध्ये दिल्लीला कॉमिक कॉन सुरू झाल्यापासून त्याचं वारं कॉलेजांत शिरलं. पण खरं सांगू का, मी हेदवीचा, तालुका गुहागर. आमच्याकडे या प्रकाराला फार जुना आणि छोटासा मराठी शब्द आहे : 'सोंग'.

हा लेख म्हणजे माझ्या दोन वर्षांच्या चुकांमधून तयार झालेल्या नोट्स समजा. पुढच्या गॅदरिंगला कुणाला उपयोगी पडल्या तर त्यांचं सार्थक होईल.

पहिलं वर्ष : कॉपी

पहिल्या वर्षी मी एका परदेशी सुपरहिरोचं चिलखत केलं. फोमशीट, हीटगन, सोनेरी स्प्रे, महिन्याच्या मेसच्या पैशातली बरीच काटछाट. स्टेजवर गेलो तर माझ्याआधी तोच हिरो दोन वेळा येऊन गेलेला! तिसऱ्या वेळी प्रेक्षकांनी टाळ्याही वाजवल्या नाहीत, नुसते हसले. मी तर इंटरनेटवरचं टेम्प्लेट एकास एक मापात कापलं होतं. म्हणजे लॅबच्या जर्नलमध्ये मित्राची रीडिंग्ज उतरवावीत तसं.

त्या शिमग्याला गावी गेलो आणि वाडीतल्या तात्यांना फोटो दाखवला. तात्या आमच्याकडचे जुने संकासूर. किती वर्षं ते सोंग घेतात ते त्यांनाही आठवत नाही. फोटो लांब धरून, डोळे बारीक करून म्हणाले, "काय रं, ह्ये गनपतीचं मखर अंगावर घेतलंस काय?"

राग आला, पण बोलणं खरं होतं. ते मखरच होतं. सुंदर, चकचकीत, आणि आत मूर्ती नाही.

संकासुराकडून काय शिकलो

ज्यांनी रत्नागिरी जिल्ह्यातले नमन-खेळे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी : संकासूर म्हणजे नखशिखांत काळा पोशाख, चेहरा झाकणारी उंच निमुळती टोपी, त्यावर पांढरीशुभ्र दाढी आणि कमरेला घुंगरांचा पट्टा. लहानपणी आम्ही त्याला चिडवायचो आणि तो मागे लागला की धूम ठोकायचो.

त्या रात्री पहिल्यांदा मी त्याच्याकडे 'डिझाईन' म्हणून पाहिलं. हे सोंग जन्माला आलं ते मशालीच्या उजेडात. अंधारात बारीक नक्षी दिसत नाही, म्हणून नक्षी नाहीच. काळ्या रात्रीत काळं अंग विरघळून जातं, आणि नुसती पांढरी दाढी हवेत नाचताना दिसते. घुंगरू असल्यामुळे तो दिसायच्या आधी ऐकू येतो, म्हणजे भीती अगोदर पोचते. टोपीच्या उंचीमुळे गर्दीत मागच्या पोरालाही कळतं, की आला! मोजके रंग, एक आवाज, एक आकार. यातली एकही गोष्ट काढता येत नाही, आणि एकही घालावीशी वाटत नाही.

यावरून मी स्वतःसाठी 'सावलीची परीक्षा' तयार केली. पोशाख घालून दिव्यासमोर उभं राहायचं आणि भिंतीवरची सावली मित्राला दाखवायची. नुसत्या सावलीवरून पात्र वेगळं ओळखू आलं तर डिझाईन पास. माझं सोनेरी चिलखत या परीक्षेत सपशेल नापास झालं. सावलीत तो फक्त एक जाडा मुलगा होता.

मग संकासूरच का केला नाही?

मोह झाला होता. तात्यांकडे टोपी मागितलीसुद्धा. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "टोपी देवाला नारळ ठेवून घेतात, बाला. तुमच्या ष्टेजवर देव कुठं हाय?"

आमच्या वाडीत हे सोंग घ्यायच्या आधी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतात. जे कपाटातून काढायचं आणि परत कपाटात ठेवायचं, त्यातलं ते नाही. मी टोपी परत ठेवली. पण तात्यांच्या त्या एका वाक्याने मला या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा नियम शिकवला : परंपरेतून वस्तू उचलायची नाही, तिच्यामागचा विचार उचलायचा. वस्तू उचलली तर ती चोरी किंवा थट्टा होते. विचार उचलला तर तो अभ्यास होतो.

याचं मोठं उदाहरण आपल्याच कोल्हापूरचं आहे. भानू अथैया, माहेरच्या राजोपाध्ये, जन्म १९२९. जे.जे. मध्ये चित्रकला शिकल्या. 'आम्रपाली' (१९६६) च्या वेशभूषेसाठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला. पण भिंतीवरचं चित्र जसंच्या तसं कापडावर आणून चालत नाही. चित्रातल्या बाईला नाचायचं नसतं, सिनेमातल्या नटीला नाचायचं असतं! वस्त्राचा बांधा, नेसण, दागिन्यांचं वजन हे सगळं चालत्याबोलत्या माणसासाठी नव्याने जुळवावं लागतं. पुढे 'गांधी' चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्याबरोबर त्यांना ऑस्कर मिळालं. तो पुरस्कार १९८३ चा, आणि ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. भरजरी नव्हे तर खादीच्या सिनेमाला वेशभूषेचं ऑस्कर, हे आपण सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

शोधायचं कुठे?

दुसऱ्या वर्षी मी लॅपटॉप बंद ठेवला आणि गावातच चार दिवस वही घेऊन फिरलो. दोन जागांनी मला सगळं दिलं.

पहिली, आमचं दशभुजा लक्ष्मी-गणेशाचं देऊळ. शेकडो वेळा नमस्कार केला होता, पण हात मोजून, प्रत्येक हातात काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. चक्र, त्रिशूळ, गदा आहेत, तशीच कमळ, महाळुंगाचं फळ आणि धान्याची लोंबीसुद्धा आहे. शस्त्राशेजारी लोंबी! म्हणजे हा देव लढतोही आणि पोटालाही घालतो, हे एक शब्द न बोलता सांगितलं. धडा असा : पात्राच्या हातातली प्रत्येक वस्तू त्याच्याबद्दल काहीतरी सांगत असली पाहिजे. 'भारी दिसतंय म्हणून' लावलेली वस्तू काढून टाका.

दुसरी जागा बामणघळ. समुद्रकाठच्या काळ्या कातळात एक अरुंद भेग आहे. भरतीच्या वेळी लाट त्यात घुसते, तिला जायला जागा उरत नाही, आणि पाणी उभं फवाऱ्यासारखं वर उसळतं. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये कंटिन्युइटीचं समीकरण पाठ करताना मला कुणी बामणघळ दाखवली असती तर तो पेपर सुटला असता! भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा हिशेब सोपा : तिथीची पाऊणपट. होळी पौर्णिमेची, म्हणजे पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. पौर्णिमेचं उधाण असल्यामुळे शिमग्यात घळ जोरात असते. अकरा वाजल्यापासून तिथे (सुरक्षित अंतरावर!) बसलो. काळा कातळ, खालून घुमणारा आवाज, आणि मग एकदम पांढरा फवारा.

काळं, आवाज, पांढरं. अरे, हा तर संकासूर! म्हणजे तोच विचार, पण टोपी माझी स्वतःची. तिथेच वहीत पात्राचं नाव लिहिलं : 'घळकरी'. घळीत राहणारा, भरतीला जागा होणारा.

बांधणी

आता आपला प्रांत. थोडक्यात सांगतो.

१) साहित्य : मोडक्या छत्रीच्या काड्या, बांबूच्या कांब्या, आजोबांचं जुनं धोतर, काळं मांजरपाट. घुंगरांऐवजी कमरेला भोकं पाडून ओवलेल्या शिंपल्या. त्या वाजतात तेव्हा ओहोटीला वाळू सरकल्यासारखा आवाज येतो. विकत आणलं ते फक्त काळं कापड.

२) यंत्रणा : शिरोभूषण म्हणजे उलटी छत्री. दोरी ओढली की काड्या उघडतात आणि धोतराचं पांढरं कापड फवाऱ्यासारखं वर फाकतं.

३) वजन : पहिला नमुना लोखंडी तारेचा, दीड किलोचा, गुरुत्वमध्य मानेपासून ४५ सेंमी वर. मान ३०° वाकवली की २२.५ सेंमीचा आडवा लिव्हर, म्हणजे सुमारे ३.३ न्यूटन-मीटरचं आघूर्ण मानेवर. दहा मिनिटांत मान धरली आणि जिन्यात तोल गेला. दुसरा नमुना बांबूचा, ६०० ग्रॅम, गुरुत्वमध्य २० सेंमीवर. तेच आघूर्ण ०.६ च्या खाली आलं, पाच पटींहून कमी. कॉस्प्लेवाल्यांनो, वजनाइतकीच उंचीही त्रास देते!

४) तालीम : घालून जिना चढा, बसा, पाणी प्या, दारातून जा. निदान एक तास. हे जमलं नाही तर पोशाख अजून ड्रॉइंगवरच आहे असं समजा.

निकाल

बक्षीस मिळालं नाही. पहिला नंबर एका परदेशी ड्रॅगनला गेला, आणि तो खरोखरच चांगला होता. पण मी स्टेजवर दोरी ओढली तेव्हा पहिल्या रांगेत बसलेली आमच्या एका सरांची छोटी मुलगी आईला बिलगली आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन मला विचारून गेली, "तू कोण आहेस?" आदल्या वर्षी हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. सगळ्यांना उत्तर आधीच माहीत होतं.

व्हिडिओ तात्यांना दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला. काही बोलले नाहीत. मग आत जाऊन संकासुराची टोपी घेऊन आले. आतली कांबी मोडली होती, कितीतरी दिवस सुतळीने बांधलेली. "तुझी ती छत्रीची काडी हिला बसंल काय बघ," म्हणाले.

दुपारभर बसून टोपी दुरुस्त केली. आधी नारळ ठेवला. वाडीतली बहुतेक पोरं मुंबईला, तात्यांचे गुडघे दुखतात, आणि आता रात्री त्यांना नीटसं दिसत नाही. टोपी परत देताना त्यांनी ती माझ्या डोक्याच्या घेराला हाताने मापून पाहिली. विचारलं मात्र काहीच नाही.

शिमगा नेमका आपल्या सबमिशनच्या आसपास येतो. मी एच.ओ.डी. सरांना आत्ताच सांगून ठेवलं आहे, की यंदा जर्नल आठ दिवस आधी देतो.