मानमोडी रोगाचा फैलाव : तो शेडात कोणाच्या पावलांनी येतो?

राणीखेत अथवा मानमोडी हा कोंबड्यांचा अत्यंत घातक असा विषाणुजन्य रोग होय. इंग्लंडातील न्यूकॅसल येथे १९२६ साली त्याची नोंद झाली. त्यानंतर लवकरच तो कुमाऊँतील राणीखेत येथे आढळला व त्या गावाचे नाव त्यास आपल्या देशात पडले. धाप लागणे, हिरवट हगवण, पंख व पाय लुळे पडणे आणि मान मुरगळणे ही त्याची मुख्य लक्षणे होत. रोग जडल्यावर त्यावर औषध नाही. म्हणून तो कसा पसरतो, हे प्रत्येक कुक्कुटपालकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

शेडातील फैलाव : रोगट पक्ष्याच्या श्वासातून व विष्ठेतून विषाणू बाहेर पडतात. ते तुसाच्या गादीत, पाण्यात व खाद्यात मिसळतात. ब्रॉयलरच्या शेडात एकाच वयाचे हजारो पक्षी दाटीने राहत असल्यामुळे थोड्याच दिवसांत सारी तुकडी रोगाने ग्रासली जाते. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत २ ते १५ दिवस, बहुधा ५-६ दिवस लागतात. लक्षणे दिसण्यापूर्वीही पक्षी विषाणू बाहेर टाकू लागतो, हे ध्यानी ठेवावे.

एका शेडातून दुसऱ्या शेडात : या प्रवासात माणूस हाच विषाणूचा मोठा वाहक ठरतो. व्यापाऱ्याची गाडी व पिंजरे, खाद्याची परत आलेली पोती, पाहुण्यांच्या वहाणा, इतकेच नव्हे तर गावोगाव फिरणारा लस टोचणाराही रोग सोबत आणू शकतो. उघड्यावर फेकलेला मेलेला पक्षी कुत्रे व कावळे दूरवर नेतात. परसातील मोकळ्या कोंबड्यांकडून शेडास आणि शेडाकडून त्यांना अशी दुहेरी लागण होते.

प्रतिबंध : (१) ५ ते ७ दिवसांच्या पिलांना लासोटा अथवा एफ-१ लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत द्यावा. पुढील मात्रा पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावी. ती पाण्यातून द्यावयाची असल्यास पाण्यात क्लोरीन नसावे व ते दोन तासांत संपेल इतकेच असावे. (२) लसीने पक्षी वाचतो, परंतु लस दिलेला निरोगी दिसणारा पक्षीही विषाणू पसरवू शकतो. तेव्हा लस दिली म्हणून दार मोकळे सोडू नये. (३) शेडासाठी वहाणांचा वेगळा जोड ठेवावा. दाराशी जंतुनाशकाचे पाणी असावे, व चिखल-विष्ठा धुऊन मगच त्यात पाय बुडवावा. घाणीमुळे जंतुनाशक निष्प्रभ होते. (४) सर्व पक्षी एकदम आणावे व एकदम विकावे. मध्यंतरी गादी काढून शेड धुवावे व काही दिवस रिकामे ठेवावे. (५) मेलेले पक्षी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.

मरतूक सुरू होताच उरलेले पक्षी मिळेल त्या भावाने विकून टाकण्याचा मोह होतो. परंतु त्या एका गाडीबरोबर रोग दहा गावी जातो, आणि शेजारच्या गरीब बाईच्या चार गावठी कोंबड्याही त्यात बळी पडतात. २००९ च्या केंद्रीय अधिनियमानुसार हा रोग कळविणे बंधनकारक आहे. यास्तव ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास धीर देऊन, विक्री थांबवून, त्याच दिवशी नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास वर्दी द्यावी. एकाने वेळीच दार बंद केले, तर साऱ्या गावाच्या कोंबड्या वाचतात.